पंचवीस-तीस हजारांत घरचं रेकॉर्डिंग: आवाज, पेटी आणि तबल्यासाठी काय घ्यावं, काय सोडावं

बाजारात 'होम स्टुडिओ किट' म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा गिटार घेऊन गाणाऱ्या एकट्या माणसाला समोर ठेवून बांधलेलं असतं. एक माइक, गिटारची एक पिन, एक हेडफोन. आपल्याकडे घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याची मांडणी निराळी असते. गाणारा मांडी घालून जमिनीवर बसतो, पेटी स्वतः वाजवतो किंवा शेजारी साथीदार असतो, तबला असतो आणि तानपुरा मोबाइलवर चालू असतो. या मांडणीला कोणती वस्तू उपयोगी पडते, एवढाच इथे निकष धरला आहे.

परीक्षणात तीन इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी यंत्रं) आहेत: फोकसराइट स्कारलेट सोलो, त्याचाच मोठा भाऊ टू-आय-टू (दोन्ही २०२३ साली आलेल्या चौथ्या पिढीतले) आणि बेहरिंगर यूएमसी२०२एचडी. माइक दोन: ऑडिओ-टेक्निका एटी२०२० आणि शूर एसएम५८. किमती दुकानागणिक आणि महिन्यागणिक हलतात, पण साधारण अंदाज असा: २०२एचडी नऊ-दहा हजार, सोलो बारा-तेरा हजार, टू-आय-टू अठरा-वीस हजार, आणि दोन्ही माइक प्रत्येकी नऊ-दहा हजारांच्या आसपास.

सोलोपासून सुरुवात करू, कारण दुकानात पहिल्यांदा तोच पुढे केला जातो. यंत्र उत्तम आहे. माइकचा प्रीअ‍ॅम्प (माइकचा क्षीण संकेत वाढवणारा भाग) ५७ डेसिबलपर्यंत गेन, म्हणजे वाढ, देतो, सुस्कारा (मागे येणारा यंत्राचा सूं आवाज) फारच कमी, बांधणी मजबूत. अडचण एकच, पण ती मोठी आहे. खोक्यावर दोन इनपुट लिहिलेले असतात, त्यातला माइकचा एकच. दुसरा गिटार किंवा कीबोर्डसाठीचा जॅक आहे. एका टोकाला एक्सएलआर (माइकची तीन पिनांची जोडणी) आणि दुसऱ्या टोकाला जॅक अशी केबल आणून त्यात दुसरा माइक लावण्याचा उद्योग पुष्कळ जण करतात. त्यातून काही निष्पन्न होत नाही, कारण त्या जॅकला माइकपुरता गेनही नाही आणि कंडेन्सरला (एटी२०२० सारख्या, बाहेरून वीज लागणाऱ्या माइकला) लागणारे ४८ व्होल्टही नाहीत. कवितावाचन, कीर्तनाचा पूर्वरंग, एकट्याचं भावगीत एवढंच करायचं असेल तर सोलो डोळे झाकून घ्यावा. पेटी आणि आवाज वेगळ्या ट्रॅकवर हवे असतील, किंवा पुढेमागे तबला येणार असेल, तर घेऊ नये. टू-आय-टूच्या तुलनेत सहा-सात हजार वाचवायच्या नादात सहा महिन्यांनी तो अर्ध्या किमतीत विकावा लागतो.

मग २०२एचडी की टू-आय-टू? दोन्हींत माइकचे दोन प्रीअ‍ॅम्प आहेत, दोन्ही २४ बिटवर चालतात, आणि दोन्हींत डायरेक्ट मॉनिटर आहे, म्हणजे आवाज संगणकात फिरून न येता थेट हेडफोनमध्ये ऐकू येतो. फरक गेनमध्ये आहे. टू-आय-टू ६९ डेसिबल देतो आणि शेवटपर्यंत स्वच्छ राहतो. २०२एचडीचा नॉब तीन-चतुर्थांश फिरवल्यावर सुस्कारा जाणवू लागतो, आणि अगदी शेवटच्या भागात गेन एकदम उडी मारतो. हे कधी नडतं आणि कधी नाही, ते माइकवर ठरतं.

एसएम५८ ची संवेदनशीलता पास्कलला (आवाजाच्या दाबाचं एकक) १.८५ मिलिव्होल्ट आहे, एटी२०२० ची १४.१ मिलिव्होल्ट. म्हणजे तेवढ्याच आवाजाला एटी२०२० साडेसात पट जास्त विद्युतदाब देतो. डेसिबलमध्ये हा फरक साडेसतराच्या आसपास येतो. म्हणून २०२एचडीवर एटी२०२० लावला तर नॉब अर्ध्यावरच राहतो आणि सुस्कारा ऐकूच येत नाही. त्याच यंत्रावर एसएम५८ लावून हलक्या गळ्याने अंगाई गायली की नॉब टोकाला जातो आणि ओळींच्या मधल्या शांततेत सुस्कारा पसरतो. खुल्या, भरदार आवाजाला, पोवाड्याला किंवा तबल्याला हा त्रास नाही.

टू-आय-टूमध्ये ऑटो गेन नावाचं बटण आहे. ते दाबलं की यंत्र दहा सेकंद ऐकतं आणि पातळी स्वतः ठरवतं. सोय चांगली आहे, पण त्या दहा सेकंदांत काय गायलं जातं यावर सगळं अवलंबून आहे. बहुतेक जण मध्य सप्तकात सावकाश आलाप घेतात, आणि मग बंदिशीत तार सप्तकातल्या षड्जावर आवाज फाटतो. दहा सेकंदांत सगळ्यात जोरकस तान घ्यावी, तिहाई असेल तर तीही. त्याच्या शेजारचं क्लिप सेफ चालू ठेवलं तर पातळी ओलांडली जाऊ लागताच गेन आपोआप खाली येतो. एकट्याने रेकॉर्डिंग करणाऱ्याला, म्हणजे जो गातही असतो आणि पडद्यावरची पातळीही बघत असतो, त्याला हे बटण वरच्या आठ-नऊ हजारांचं समर्थन करण्याइतकं कामाचं आहे. २०२एचडीवर हीच गोष्ट हाताने करायची: सगळ्यात मोठ्या आवाजाला पडद्यावरची पट्टी उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबली पाहिजे. २४ बिटमध्ये पातळी थोडी कमी राहिली तर काहीही बिघडत नाही, नंतर वाढवता येते. फाटलेला आवाज मात्र दुरुस्त होत नाही.

२०२एचडीहून स्वस्त असा बेहरिंगरचाच यूएमसी२२ घ्यावा का, असा प्रश्न हमखास येतो. त्यातही माइकचा एकच प्रीअ‍ॅम्प आहे, तो ४८ किलोहर्ट्झच्या वर जात नाही, आणि विंडोजवर त्याला एएसआयओफोरऑलसारख्या उसन्या ड्रायव्हरवर (यंत्र आणि संगणक यांना जोडणाऱ्या प्रोग्रामवर) चालवावं लागतं. २०२एचडीला कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर आहे, तो संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा. न घेता तसंच वापरलं तर आवाज मागे पडतो आणि दोष यंत्राला दिला जातो. एटी२०२० ची यूएसबीवाली आवृत्तीही मिळते. निवेदनाला ठीक आहे, पण एका संगणकावर दोन यूएसबी माइक एकत्र चालवणं ही नसती डोकेदुखी. दीड-दोन हजारांत माइक, स्टँड, फोम, छोटं साउंड कार्ड असं सगळं देणाऱ्या किटकडे वळूच नये. त्यातला कंडेन्सर संगणकाच्या ३.५ मिलिमीटरच्या भोकातून मिळणाऱ्या जेमतेम काही व्होल्टवर अर्धपोटी चालतो.

आता माइक. एटी२०२० बारकावे छान पकडतो: पेटीच्या सुराची सुरुवात, तबल्याच्या चाटेवरचा (काठावरचा) 'ना', श्वास. पण तो खोलीही तितक्याच इमानाने पकडतो, आणि खरी मेख तिथे आहे. आपल्या घरांत फरशी गुळगुळीत, भिंती काँक्रीटच्या किंवा विटांच्या, छत सपाट. दहा बाय दहाच्या चौकोनी खोलीत दोन्ही दिशांना ५६-५७ हर्ट्झला आणि त्याच्या पटीत, म्हणजे ११३, १७० हर्ट्झला आवाज घुमतो. काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून) गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र पंचम १०४ हर्ट्झला येतो. म्हणजे मंद्रात उतरताना काही सूर उगाच फुगतात आणि शेजारचे दबतात. डग्ग्याची तर आणखी वाट लागते. महागडा माइक आणून यात काडीचाही फरक पडत नाही. रोड एनटी१ या महागड्या माइकचा स्वतःचा सुस्कारा ४ डेसिबल आहे आणि एटी२०२० चा २०, ही तफावत कागदावर प्रचंड आहे. पण खिडकीबाहेर रिक्षा आणि खोलीत फ्रिज असलेल्या घरात ती ऐकू येत नाही. तो पैसा खोलीवर घालावा.

खोली म्हणजे काय करायचं, तर आधी फोमच्या पातळ चौकोनी तुकड्यांचा मोह टाळायचा. एक इंच फोम साधारण हजार हर्ट्झच्या वरचंच नीट शोषतो. त्याने आवाजातली चमक जाते आणि घुमणं तसंच राहतं. अंड्यांचे ट्रे तर काहीच करत नाहीत. घरातली जाड गोधडी, वाकळ किंवा कापसाची रजई यापेक्षा कितीतरी उजवी, आणि ती भिंतीला चिकटवण्याऐवजी दहा-पंधरा सेंटिमीटर पुढे दोरीवर टांगली तर आणखी खालचे सूर शोषते. थोडे पैसे असतील तर दोन इंच जाडीचे, ४८ घनतेचे (घनमीटरला ४८ किलो) रॉकवूलचे, म्हणजे दगडी लोकरीचे, तुकडे आणून लाकडी चौकटीत बसवून सुती कापडाने मढवावेत. कापताना हातमोजे आणि तोंडाला मास्क हवाच. असे चार तुकडे पुरतात.

ते लावायचे कुठे, इथे जवळजवळ सगळे चुकतात. माइकच्या मागे अर्धगोल फोमची ढाल लावायची पद्धत पडली आहे. पण हे दोन्ही माइक कार्डिऑइड आहेत, म्हणजे मागून येणारा आवाज ते आधीच कमी घेतात. माइकचं तोंड गाणाऱ्याकडे असतं, म्हणजेच गाणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीकडे. त्या भिंतीवर आपटून परत येणारा आवाज थेट माइकमध्ये शिरतो. म्हणून पहिली गोधडी गाणाऱ्याच्या पाठीमागे, दुसरी बाजूच्या भिंतीवर, आणि खाली सतरंजीवर गादी. खोलीच्या बरोबर मध्यावर बसू नये आणि कोपऱ्यातही नाही. लांबीच्या साधारण एक-तृतीयांशावर, भिंतीला किंचित तिरकं बसावं. कपड्यांनी भरलेलं कपाट असेल तर त्याची दारं उघडी ठेवावीत.

पंखा बंद करावा लागतो, आणि केवळ घरघरीमुळे नाही. पात्यांवरून परावर्तित होणारा आवाज सतत बदलत राहतो, त्यामुळे लांबवलेल्या षड्जावर बारीक थरथर येते. ती नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने जात नाही. एप्रिल-मेमध्ये पहाटेची वेळ धरावी.

खोलीचं काहीच करता येणार नसेल, भाड्याचं घर असेल, तर पहिला माइक एसएम५८ घ्यावा. तो खोली कमी पकडतो असं म्हणतात, पण त्यात माइकच्या जातीचा वाटा थोडा आणि अंतराचा जास्त आहे. तो ओठांपासून पाच-आठ सेंटिमीटरवर धरून वापरायचा असतो, त्यामुळे आवाजाच्या तुलनेत खोली मागे पडते. तोच हातभर लांब ठेवला तर खोली त्यातही येते, आणि वर आवाज पातळ होतो. फार जवळ गेल्यावर खालचे सूर फुगतात, हेही ध्यानात ठेवावं. एसएम५८ परवडत नसेल तर बेहरिंगरचा एक्सएम८५०० बराच स्वस्त आहे. बारकावा कमी, पण शिकायला आणि डग्ग्यासमोर ठेवायला पुरेसा.

एटी२०२० बाजूने गायचा माइक आहे. ज्या बाजूला कंपनीचं चिन्ह आहे ती बाजू गाणाऱ्याकडे. टोकावर तोंड नेऊन गाणारे खूप दिसतात, आणि मग 'आवाज दबलेला येतो' ही तक्रार. अंतर पंधरा-वीस सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर (हवेचा झोत अडवणारी जाळी), आणि माइक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता वीस-तीस अंश बाजूला वळवलेला. मराठीत प, फ, भ, ठ, ध यांची रेलचेल असते. अभंगात 'पांडुरंग'चा 'पां' आणि 'विठ्ठल'मधला 'ठ्ठ' माइकवर धाडकन आदळतात. वळवलेल्या माइकवरून ती हवा बाजूने निघून जाते.

या माइकला लो-कटचं (ठरावीक हर्ट्झखालचे सूर कापणारं) बटण नाही, ते सॉफ्टवेअरमध्ये लावावं लागतं. शिकवण्यांमध्ये सरसकट ८० हर्ट्झ सांगतात. काळी चार किंवा पाचमध्ये गाणाऱ्या बाईंना ते खुशाल चालतं, पण काळी एकमधला पुरुष मंद्र षड्जाला गेला की तो सूर ६९ हर्ट्झला असतो. तिथे ८० चा लो-कट लावणं म्हणजे खर्ज कापून टाकणं. त्यांनी ५० वर थांबावं. तबल्याच्या ट्रॅकवर तर ४० च्या वर जाऊच नये.

मांडी घालून बसल्यावर तोंड जमिनीपासून पाऊण मीटरवर येतं, आणि नेहमीचा बूम स्टँड सगळ्यात खाली केला तरी मीटरभर उंच राहतो. मग त्याचा दांडा खाली झुकवावा लागतो आणि तो हळूहळू घसरत जातो. बुटका बूम स्टँड वेगळा मिळतो, ड्रमच्या माइकसाठीचा, तो मागावा. टेबलाला अडकवायचा घडीचा हात या बैठकीला निरुपयोगी. एटी२०२० सोबत शॉक माउंट (धक्के शोषणारी पकड) येत नाही, त्यामुळे डग्ग्याची घुमक फरशीतून स्टँडवर चढते. स्टँडखाली जाड पायपुसणं दुमडून ठेवलं तरी पुष्कळ फरक पडतो.

पेटीला माइक लावताना भात्यापासून लांब राहायचं. डावा हात भाता मारतो, तिथे हवेचा फुसफुसाट आणि लाकडाची धडधड असते. माइक उजव्या अंगाला, पट्ट्यांच्या वर चाळीस-पन्नास सेंटिमीटरवर, मधल्या सप्तकाकडे किंचित झुकवून ठेवावा. पट्ट्यांची खटखट फार येत असेल तर वरचं झाकण लावून पाहावं. सूर थोडा गोल होतो, खटखट निम्म्याने कमी होते. गाणाराच पेटी वाजवत असेल तर दोन माइकच्या भानगडीत न पडता एकच एटी२०२० तोंड आणि पेटी यांच्या मध्ये, थोडा वर ठेवावा. माइक दोन बोटं वर सरकवला की आवाज पुढे येतो, खाली केला की पेटी. ही तडजोड दोन ट्रॅकच्या गुंत्यापेक्षा ऐकायला जास्त नैसर्गिक लागते.

तबल्याला एक माइक असेल तर समोरून, श्रोत्याच्या बाजूने, चाळीस-पन्नास सेंटिमीटर उंचीवर ठेवून दायाकडे जरा जास्त रोखावा, कारण डग्गा तसाही पोचतो. दोन माइक असतील तर प्रत्येकी वीस-पंचवीस सेंटिमीटरवर. माइकचं आपल्या वाद्यापासून जेवढं अंतर, त्याच्या तिप्पट अंतर दोन माइकमध्ये असावं असा नियम आहे. तबल्यावर तो पूर्ण पाळता येत नाही, कारण दाया-डग्गा चिकटून असतात. निदान दोन्ही माइकची तोंडं एकमेकांपासून बाहेर वळवावीत. गाणं आणि तबला एकाच खोलीत चालू असतील तर तबल्याच्या माइकची पाठ गाणाऱ्याकडे हवी. आवाज, पेटी आणि तबला तिन्ही एकदम वेगळे हवे असतील तर दोन प्रीअ‍ॅम्प पुरणारच नाहीत, सरळ चार प्रीअ‍ॅम्पचा यूएमसी४०४एचडी बघावा.

तानपुरा ॲप स्पीकरवर लावून रेकॉर्डिंग करू नये, तो प्रत्येक माइकमध्ये शिरतो आणि नंतर कमी करता येत नाही. तो स्वतंत्र ट्रॅकवर घ्यावा आणि हेडफोनमध्ये ऐकावा. आणखी एक. जुनी पेटी बरोब्बर ४४० हर्ट्झच्या प्रमाणात लागलेली क्वचित असते. आधी पेटीचा षड्ज धरून ॲपचा तानपुरा सेंटमध्ये (अर्ध्या सुराच्या शंभराव्या भागात) वरखाली करून जुळवावा, मग तबला त्यावर मिळवावा. उलट क्रमाने गेलात तर शेवटी पेटीच बेसूर वाटू लागते, आणि तिला तर काही करता येत नाही.

हेडफोन बंद कपांचा हवा. ऑडिओ-टेक्निकाचा एम२०एक्स पुरतो. त्याची वायर निघत नाही, एम४०एक्सची निघते. रोज वापर असेल तर हा फरक महत्त्वाचा आहे, कारण आधी वायरच जाते. ब्लूटूथ हेडफोनवर गाता येत नाही, आवाज स्पष्ट मागे पडतो. डायरेक्ट मॉनिटर चालू केल्यावर सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करायला विसरू नये, नाहीतर स्वतःचा आवाज दोनदा ऐकू येतो आणि लय सांभाळणं अशक्य होतं. सॉफ्टवेअरवर पैसे घालायची सुरुवातीला गरज नाही. ऑडॅसिटी फुकट आहे, आणि रीपर साठ दिवस वापरून मग घरगुती परवाना ६० डॉलरला घेता येतो. सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. १९२ किलोहर्ट्झची जाहिरात खरी असली तरी घरी उपयोग शून्य. ४८ ला एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबी घेतो, १९२ ला त्याच्या चौपट.

रेकॉर्डिंगमध्ये बारीक गूं आवाज आला तर माइकवर संशय घेण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावा. आवाज गेला तर दोष अर्थिंगचा. जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटमध्ये तिसरी तार जोडलेलीच नसते, ते वायरमनकडून तपासून घ्यावं. बॅटरीवरही आवाज राहिला तर दिव्याचा डिमर आणि पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद करून बघावा. माइकची केबल विजेच्या वायरला समांतर टाकू नये. ओलांडावीच लागली तर काटकोनात.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, एटी२०२० मधून मध्येच चरचर यायला लागते. दमट हवेचा परिणाम आहे, माइक बिघडलेला नसतो. काम झालं की सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या हवाबंद डब्यात तो ठेवावा, आणि वापरायच्या आधी पंधरा मिनिटं बाहेर काढून ४८ व्होल्ट चालू करून ठेवावा. आधी केबल जोडायची, गेन शून्यावर, मग ४८ व्होल्ट. काढताना आधी व्होल्ट बंद, अर्धा मिनिट थांबून केबल. २०२एचडीवर ४८ व्होल्टचं बटण दोन्ही इनपुटना मिळून एकच आहे. एका बाजूला एसएम५८ असला तरी चिंता नाही, नीट जोडलेल्या एक्सएलआर केबलवर त्याला इजा होत नाही.

केबल तयार घेण्यापेक्षा पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर न्यूट्रिकचे कनेक्टर आणि चांगली माइक वायर घेऊन झाळून घेतली तर टिकते: पहिल्या पिनला जाळी, दुसरीला गरम, तिसरीला थंड. घरात पाच मीटर पुरे. एसएम५८ मात्र अधिकृत विक्रेत्याकडूनच, पक्क्या पावतीवर घ्यावा. त्याच्या नकला उदंड आहेत आणि बाहेरून हुबेहूब दिसतात. अस्सल माइक २९८ ग्रॅमचा असतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो ठळकपणे हलका भरला, किंवा साध्या एसएम५८ च्या नावाखाली चालू-बंदचं बटण असलेला निघाला, तर त्याच दिवशी परत करावा.